बारक्या कांद्याचे ऐंशी दिवस आणि शेणखताचं वर्ष

दोन वर्षांपूर्वीची चवथ जवळ आली होती. घरात माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताची, तयारी चालू आणि स्वयंपाकघरात कसला तरी आंबूस वास. आधी वाटलं, फणसाचं काहीतरी राहिलं असेल. मग वर बघितलं, तर वाशाला टांगलेल्या कांद्यांच्या माळेतून थेंब गळत होते. माळ खाली काढली. बारके कांदे, माझ्याच परसातले, मे महिन्यात दगडासारखे घट्ट होते ते. आता बोट लावलं की मानेतून आत जात होतं.

शेजारच्या माईंच्या घरी तशीच माळ होती आणि ती हलवली की कागदासारखी खसखसत होती. कंद तर मी त्यांच्याकडूनच नेले होते.

"खत कधी घातलंस?" माईंनी विचारलं.

"पात जरा पिवळी दिसली, म्हणून दीडेक महिन्याने कोंबडीखत घातलं."

"मग झालं. कांदा पोसायच्या वेळी कोण खत घालतं रे?"

माईंचं हे वाक्य मला पुरतं समजायला दोन हंगाम लागले. सेंद्रिय खत म्हणजे चांगलं, आणि चांगलं ते कधीही घालावं, असा आपला समज असतो. पण बारका कांदा मातीत जेमतेम सत्तर ते नव्वद दिवस असतो. शेणखताला मात्र आपल्यातलं अन्न सोडायला एक वर्षही पुरत नाही. या दोघांच्या वेळा कशा जुळवायच्या, हीच सेंद्रिय कांद्याची खरी अडचण आहे, आणि गोव्याच्या मातीत ती आणखी थोडी अवघड होते.

आधी या कांद्याबद्दल. आपण ज्याला बारका कांदा, सांबाराचा कांदा किंवा मद्रासी कांदा म्हणतो तो इंग्रजी नावाने शॅलॉट. मोठ्या कांद्याचाच सख्खा भाऊ. फरक इतकाच की एक कंद लावला की त्याचे फुटवे होतात आणि काढताना एका जागी चार-सहा कांद्यांचा झुबका हाती येतो. बहुतेक वाणांना बी लावावं लागत नाही, कंदच पुरतात. दहा चौरस मीटरच्या वाफ्याला साधारण दीड किलो.

लावल्यावर तीन आठवड्यांनी एखादं रोप मुद्दाम उपटून बघा. मी ते बादलीत हळूहळू धुतलं. खाली पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं, जवळजवळ न फाटा फुटलेली. मिरचीच्या किंवा भाताच्या मुळाला असते तशी बारीक केसाळ लव जवळपास नाहीच. आणि लांबी वीतभर. म्हणजे वाफ्याच्या वरच्या वीतभर मातीत जे आहे तेवढंच या रोपाचं ताट, आणि त्या ताटातलंही त्याला नीट वेचता येत नाही.

म्हणूनच कांदा मातीतल्या एका बुरशीची मदत घेतो. मायकोरायझा तिचं नाव. ही बुरशी मुळात शिरते आणि आपले तंतू बाहेर मातीत लांबवर पसरवते. मुळाला जिथे पोचता येत नाही तिथला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ती आणून देते आणि बदल्यात रोपाकडून साखर घेते. कांद्याच्या कुळाइतकी या बुरशीवर अवलंबून असलेली भाजीपिकं थोडीच आहेत. ही बुरशी जगायची तर माती वारंवार खोल उकरू नये, फार वेळ ओसाड ठेवू नये. आणि विरघळणारा स्फुरद भरमसाट ओतू नये, कारण रोपाला तो आयता मिळाला की ते बुरशीला दारातच उभं करत नाही.

आता माती. पेडण्यात आमच्या घरामागे जांभा आहे. गोव्याचा बराचसा भाग असाच. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. लाखो वर्षं हे पाणी मातीतून खाली झिरपत गेलं आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश असं जे जे विरघळतं ते घेऊन गेलं. मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. मातीचा तांबडा रंग त्या लोहाचाच. अशी माती आम्लधर्मी होते. तिचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) बरेचदा पाच-साडेपाचच्या आसपास भरतो आणि कांद्याला हवा असतो सहा ते सात.

सामू साडेपाचच्या खाली उतरला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळांची टोकं आखडतात. मुळात वीतभर असलेलं मूळ मग चार बोटांवरच थांबतं. दुसरी अडचण स्फुरदाची. लोह आणि ॲल्युमिनियमचे कण त्याला इतकं घट्ट धरून बसतात की मातीत स्फुरद असूनही पिकाच्या वाट्याला येत नाही. कुजलेलं शेणखत इथे जे काम करतं त्याकडे आपलं लक्ष फारसं जात नाही. त्यातली सेंद्रिय आम्लं आणि ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजून उरलेला काळा भाग, लोहाच्या कणांवरच्या त्याच जागा अडवतात, आणि स्फुरद मोकळा राहतो. म्हणजे शेणखतात स्वतःचा स्फुरद थोडा असला तरी मातीत अडकलेला बराच ते सोडवून देतं. जांभ्यावर शेणखताला पर्याय नाही असं मी म्हणतो ते यासाठी.

किनाऱ्याकडे, मांद्रे-मोरजीच्या बाजूला, माती रेताड. तिथे आम्लापेक्षा पाणी आणि अन्न न टिकण्याचं दुखणं मोठं. तिथे एकदाच पुष्कळ खत घालण्यापेक्षा थोडं थोडं, पण चांगलं कुजलेलं घालावं. आणि खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, जमिनीत कांदा लावायचा विचार असेल तर आधी पाणी तपासा. कांदा मिठाला फार हळवा. मातीतला क्षार १.२ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेला की उत्पादन घटू लागतं. साध्या भाताची तीच मर्यादा ३ च्या आसपास आहे. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, खारं पाणी आत येतं अशा मेरेलगत भात तरतो, कांदा नाही.

याच कारणासाठी माशांच्या खताबद्दल थोडं सांगतो. किनाऱ्यावर माडाच्या मुळात तारले पुरायची जुनी चाल आहे आणि माडाला ते मानवतंही. माड मीठ सोसतो. खारवलेल्या सुक्या मासळीचा चुरा मात्र कांद्याच्या वाफ्यात घालू नये. ताजी, बिनमिठाची मासळी कंपोस्टात कुजवून वर्षभराने वापरली तर हरकत नाही.

चुना आधी, खत नंतर. हा क्रम चुकवू नका. सामू कमी असेल तर पाऊस ओसरताच, सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वाफ्यात शेतचुना मिसळावा. शिंपल्यांचा बारीक चुराही चालतो, तोही कॅल्शियम कार्बोनेटच. फक्त जाड तुकडे विरघळायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून पीठ व्हायला हवं. माती तपासली नसेल आणि ती पक्की तांबडी, आंबट असल्याची खात्री असेल, तर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. तपासून घेणं सगळ्यात बरं. वाफ्यातल्या पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची आणि अर्धा किलो पिशवीत भरून तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात न्यायची. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची केंद्राची योजना आहे. त्या पत्रिकेत सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब (कार्बन) आणि अन्नद्रव्यं मिळून बारा गोष्टी येतात. माझं सगळं गणित सामूच्या त्या एका आकड्यावरून बदललं.

चुना घातल्यावर तीनेक आठवडे थांबावं आणि मग शेणखत घालावं. दोन्ही एकदम घातलं तर शेणखतातला अमोनिया हवेत उडतो. नाक झोंबतं ना, तेव्हा आपल्या पैशांचं नत्र (नायट्रोजन) जात असतं. राखेचंही तसंच. माई राख आणि शेण कधी एका पाटीत घेत नाहीत. त्यांना अमोनिया हा शब्द ठाऊक नाही, पण वास ठाऊक आहे.

आता मुख्य गोष्ट, खताची वेळ. सेंद्रिय खतातलं नत्र मुळांना थेट पिता येत नाही. ते प्रथिनांत बांधलेलं असतं. मातीतले जिवाणू ती प्रथिनं खातात, फोडतात आणि स्वतःचं पोट भरून उरलेलं नत्र अमोनियमच्या, मग नायट्रेटच्या रूपात बाहेर सोडतात. पीक जेवतं ते जिवाणूंच्या पंगतीनंतर उरलेलं.

उरतं किती, हे त्या पदार्थात कर्ब किती आणि नत्र किती यावर ठरतं. जिवाणूंच्या स्वतःच्या शरीरात आठ भाग कर्बाला एक भाग नत्र असतं. पंचवीस भाग कर्बाला एक भाग नत्र असलेला पदार्थ दिला तर त्यांचं साधारण भागतं. कारण बराचसा कर्ब ते श्वासावाटे उडवून टाकतात. त्याहून कमी कर्बाचा पदार्थ, म्हणजे कोंबडीखत, पेंड किंवा गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला दिला तर नत्र उरतं आणि ते लवकर सुटतं. पण भाताचं गवत असेल, जिथे हे प्रमाण साठ-सत्तरच्या घरात आहे, किंवा नारळाच्या सोडणांचा (वरच्या काथ्याच्या सालांचा) भुसा, जिथे ते शंभरच्या वर जातं, तर जिवाणूंना नत्र कमी पडतं. मग ते मातीतलंच उचलतात. पीक उपाशी राहतं आणि पात पिवळी पडते.

माझी पात पिवळी पडली ती यामुळेच. मी वाफ्यात अर्धवट कुजलेला सोडणांचा भुसा मिसळला होता, माती भुसभुशीत व्हावी म्हणून. तो नत्र ओढून बसला. मी घाबरून पंचेचाळिसाव्या दिवसानंतर कोंबडीखत टाकलं. तोवर रोप पात वाढवायचं थांबवून कांदा पोसायला लागलेलं असतं. पातीतला रस खाली कंदात उतरतो, मान बारीक होते, सुकते आणि शेवटी मोडून आडवी पडते. ती सुकलेली मान म्हणजे कांद्याच्या डब्याचं झाकण. ऐन त्या वेळी नत्र मिळालं की रोप पुन्हा पात काढू लागतं आणि मान जाड, रसरशीत राहते. काढणीला माझ्या कांद्यांच्या माना करंगळीएवढ्या होत्या. दिसायला तजेलदार, आणि मी खूशही होतो. पण झाकण उघडं राहिलं होतं. पावसाळ्याची दमट हवा आणि बुरशी त्यातूनच आत गेली.

तेव्हा लावणीला पस्तीसेक दिवस झाल्यानंतर नत्राची कुठलीही सोय करायची नाही. कोंबडीखत नाही, पेंड नाही, पातळ शेणकाला नाही.

मग आधी किती घालावं? कांद्याला हेक्टरी २५ टन शेणखत ही जुनी शिफारस. दहा चौरस मीटरला २५ किलो, म्हणजे दोन भरल्या पाट्या. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरलं तर त्यात १२५ ग्रॅम नत्र आलं. पण पहिल्या हंगामात त्यातलं फार तर एक तृतीयांश सुटतं, म्हणजे चाळीसेक ग्रॅम. आपल्या दहा चौरस मीटरला हवं असतं साठ ग्रॅमच्या आसपास. उरलेलं भरून काढायला अर्धा किलो निंबोळी पेंड पुरते. तिच्यात सुमारे पाच टक्के नत्र असतं आणि कडूपणामुळे ते सावकाश, महिना-दीड महिना सुटत राहतं. पात वाढायचे दिवस नेमके तेवढेच. निंबोळी महाग वाटली तर करंजाची पेंड घ्या, तिच्यात नत्र थोडं कमी, चारेक टक्के.

शेणखत लावणीआधी दोन-तीन आठवडे घालायचं, पेंड लावणीच्याच वेळी. शेणखताबरोबर ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळून आठवडाभर ओलसर सावलीत ठेवलं तर कंदाच्या बुडाशी होणारी कूजही कमी होते.

खत कुजलं की नाही हे बघायची साधी युक्ती आहे. मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसासारखा मातीचा वास आला तर खत तयार. नाकात झोंबलं किंवा आंबूस घाण आली तर अजून दोन महिने थांबा. मी आता विकतची प्रत्येक पिशवी अशी बघतो. छापील लेबलवर 'पूर्ण कुजलेले' लिहिलेलं एक खत या परीक्षेत नापास झालं होतं, आणि त्यात हुमणीच्या अळ्याही निघाल्या.

पोटॅशसाठी आपल्याकडे चुलीची राख आहे. नारळाच्या सोडणांच्या, करवंट्यांच्या राखेत पोटॅश भरपूर असतं आणि ती थोडा चुन्याचाही गुण देते. कांदा पोसताना पातीतली साखर खाली उतरवायला पोटॅश लागतं, म्हणून नत्र बंद केल्यावरही राख चालते. मी लावणीआधी चौरस मीटरला मूठ-दीड मूठ टाकतो आणि महिन्याने ओळींमधे आणखी चिमूट-चिमूट. चूल पेटवायला प्लास्टिक घातलं असेल तर ती राख वाफ्याला नको. आणि सामू आधीच साडेसहा असेल तर राखेचा हात आखडता घ्या.

कांद्याचा झणका येतो तो गंधकामुळे. मुळं गंधक सल्फेटच्या रूपात घेतात, पेशींत ते बिनवासाच्या संयुगात साठतं, आणि सुरी चालली की पेशीतलं एन्झाइम त्याला फोडतं. डोळ्यांत पाणी आणणारा वायू तेव्हा तयार होतो. आपल्या पावसात सल्फेट वाहून जातं. शेणखत, कोंबडीखत, पेंड यांतून थोडं परत येतं. तरी कांदा फिका वाटला तर जिप्सम घालावं. ते खनिज असून सेंद्रिय शेतीत चालतं, कॅल्शियम आणि गंधक दोन्ही देतं आणि सामू बदलत नाही. निव्वळ गंधकाची पूड मात्र जांभ्यावर नको. ती मातीत आम्ल तयार करते, आणि आम्लाची आपल्याला काही कमी नाही.

काजूच्या बोंडांचा चोथा हा खास आपला माल. फेब्रुवारी ते मे, भट्टीच्या बाजूला त्याचे ढीग पडलेले असतात. ओला, आंबट, साखरेने भरलेला. थेट वाफ्यात घातला तर माश्या घोंघावतात आणि मुळांना चटका बसतो. पण सुका पाला, शेण आणि चोथा यांचे थर लावून पावसाच्या आधी वरून झाकून ठेवलं, दोन-तीनदा उलटलं, तर ऑक्टोबरपर्यंत काळंभोर कंपोस्ट होतं. गेल्या वर्षी माझ्या निम्म्या वाफ्याला हेच होतं. शेणखत विकत घेताना जे पैसे मोजावे लागतात ते बघता गोव्यात हा चोथा नाल्याकडेला टाकलेला मला बघवत नाही.

करवंट्यांचा कोळसाही चांगला, बारीक कुटून. तो स्वतः अन्न देत नाही, पण सच्छिद्र असल्याने पाणी आणि अन्न धरून ठेवतो, आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. कोरडा घालू नका, नाहीतर आधी तोच अन्न शोषून घेतो. आठवडाभर शेणकाल्यात भिजवून मग घाला. हाडांचा चुरा आम्ल मातीत चांगला विरघळतो, म्हणून ज्या वाफ्यात नुकताच चुना घातला तिथे त्या वर्षी तो वाया.

जीवामृताबद्दल मला नेहमी विचारतात. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. त्यात जिवाणूंची रेलचेल असते हे खरं, पण अन्नद्रव्यं थोडी. खाणारे आले आणि ताटात काही नसलं तर काय उपयोग? शेणखत भरपूर घातलेल्या वाफ्यात पहिल्या महिन्यात एक-दोनदा दिलं तर ठीक. शेणखताऐवजी दिलं तर जांभ्यावर कांदा गोटीएवढाच राहतो.

माझा आताचा वाफा ऑक्टोबरच्या शेवटी खतवून तयार असतो आणि नोव्हेंबरच्या मध्यावर कंद लागतात. दोन कंदांत चार बोटं, दोन ओळींत हातभर जागा, कंदाचं टोक मातीच्या किंचित वर. वरून भाताच्या गवताचा पातळ थर. गवत मातीत मिसळलं नाही, नुसतं वर पसरलं, तर ते नत्र ओढत नाही. फेब्रुवारीत निम्म्याहून जास्त माना मोडून पडल्या की पाणी तोडायचं आणि आठ-दहा दिवसांनी कांदे काढायचे. पात न कापता, सावलीत, वारा लागेल असे पसरून ठेवायचे. मान दोन बोटांत चोळली की कोरड्या गवतासारखी वाजायला हवी. ती वाजली की माळ विणायची. गेल्या वर्षीची माझी माळ चवथीला तशीच खसखसत होती. शेवटचे चार कांदे दसऱ्याच्या आमटीत गेले.

कांदे निघाल्यावर वाफा रिकामा दिसतो, पण शेणखतातलं दोन तृतीयांश नत्र अजून तिथेच असतं, आणि मार्चच्या उन्हात जिवाणू ते पाण्याबरोबर भराभर सोडू लागतात. मी त्यात दुसऱ्याच दिवशी तांबडी भाजी पेरतो, नवं खत अजिबात न घालता. पंचवीस-तीस दिवसांत ती गुडघ्याला लागते.